कॉलरमधली सुई

कारध्याच्या पुलावर बस आली की काकाजी पायातल्या चपला काढून हातात घेत. भंडाऱ्याला कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या कामाला निघालेली माणसं, कॉलेजची पोरं, सगळी बघत असत. काकाजींना त्याचं काही नव्हतं. वैनगंगा ओलांडून बस पलीकडच्या काठाला लागली, की ते शांतपणे चपला घालत. कंडक्टर ओळखीचा असला तर मागून ओरडे, "काका, कुठवर आलं पाणी?" काकाजी मांडीपर्यंत हात नेऊन दाखवत.

मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा त्यांच्या शेजारीच बसले होते. कारण विचारलं, तर मलाच वेड्यात काढून म्हणाले, "नदीत उतरून राहिलो ना, बाई. चपला घालून कोन उतरते नदीत?"

त्यांच्या नकाशात तिथे पूल नव्हता. दोन काठांवर दोन रस्ते येऊन थांबत होते आणि मधे पाण्यातून एक तुटक रेघ गेली होती. नकाशा पुलाच्याही आधीचा, इंग्रजांच्या वेळचा. काकाजी राहायचे साकोलीत, जेवायचे आजचं, पण चालायचे त्या नकाशात.

ते माझे घरमालक. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी कंत्राटी ग्रामसेविका म्हणून साकोली तालुक्यात आले, तेव्हा त्यांच्या घरामागची एक खोली मला मिळाली. मी साताऱ्याकडची. इथली भाषा कानाला नवी, जेवणात तिन्ही त्रिकाळ भात, आणि जिकडे बघावं तिकडे तलाव. पहिल्या दिवशी पंचायत समितीचा रस्ता विचारला तर काकाजी म्हणाले, "सीधी जा. आमराई लागन, तिच्या डाव्या हातानं वळ." मी अर्धा तास आमराई शोधत फिरले. शेवटी पेट्रोलपंपावरच्या माणसानं सांगितलं, आमराई होती म्हणतात बुवा इथे, आमच्या आजोबांच्या वेळी. संध्याकाळी तक्रार केली तर म्हणाले, "पंपापाशी पोचली ना? मंग आमराई बरोबरच सापडली तुले."

घराणं विणकरांचं, मूळचं मोहाडीकडचं. माग वडिलांच्या वेळीच बंद झाले आणि काकाजींनी साकोलीत कापडाचं दुकान घातलं. मी आले तोवर दुकान मुलाच्या हातात गेलं होतं आणि मुलगा काकाजींना गल्ल्याजवळ फिरकू देत नसे, कारण गिऱ्हाईक आलं की ते आधी गावाचं नाव विचारत आणि साडी राहायची बाजूला. विणकरीतल्या दोन वस्तू मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. एक म्हणजे धागे मोजायचं पितळी भिंग, घडी होणारं, खिशात मावणारं. दुसरी सदऱ्याच्या कॉलरमध्ये आतून खोचलेली सुई. सदरा धुवायला टाकताना सुई काढून दुसऱ्या सदऱ्यात खोचायची हे काम काकू करत, आणि एखाद्या दिवशी विसरल्या तर काकाजींचा हात दिवसभर कॉलरशी जाऊन रिकामा परत येई.

नकाशे त्यांना मिळाले रद्दीत. कुठल्याशा जुन्या कचेरीची रद्दी गठ्ठ्यानं विकायला निघाली होती, साड्या गुंडाळायला म्हणून त्यांनी ती आणली. त्यात तीन मोठे कागद होते, पाठीला कापड चिकटवलेले. दुसऱ्या कोणी कागद उलगडला असता. काकाजींनी आधी कापड पाहिलं. भिंग लावून धागे मोजले, अशी वीण आता होत नाही म्हणून हळहळले, आणि मग सहज पालथं केलं तर समोर त्यांच्या आजोबांचं गाव. गावाशेजारी इवलासा निळा तलाव, ज्यात घरातल्या बाया सूत धूत असत असं त्यांनी नुसतं ऐकलं होतं. काकू सांगत, त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं. "मले वाटलं कोनी मेलं," त्या म्हणत.

ते नकाशे जुन्या साडीत बांधलेले असत. रेशमी साडीची घडी जशी अधूनमधून मोडून दुसरीकडून घालतात, नाहीतर घडीवर कापड फाटतं, तशी ते दर तीन महिन्यांनी नकाशांची घडी मोडत. तो मोठा सोहळा. आंघोळ करून, ओसरीवर सतरंजी घालून, आधी प्रत्येक जुनी घडी भिंगातून तपासायची, मग नवी घालायची. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. नकाशावर पेन-पेन्सिल चालवायला कोणालाच परवानगी नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही.

रविवारी आम्ही निघत असू. माझी स्कूटी, मागे काकाजी, त्यांच्या मांडीवर नकाशा. हे कसं सुरू झालं ते मला नीट आठवत नाही. बहुतेक मला खोलीत एकटीला करमत नव्हतं आणि ते काकूंच्या ध्यानात आलं होतं. हायवेवरून ट्रक अंगावरून जात असताना मागून सूचना येत: "आता बैलगाडीचा रस्ता संपला, नाला आला, हळू घे." नकाशात विहीर दिसली की ती शोधायची आणि तिचंच पाणी प्यायचं, हा त्यांचा नेम. विहीर सापडेपर्यंत मलाही बाटलीला हात लावू देत नसत. अशा किती विहिरी आम्ही झुडपं बाजूला सारून काढल्या. एकीत कोणीतरी पंप बसवला होता, एकीवर चक्क शाळेचा मुतारीचा ओटा बांधला होता. तिथे मात्र त्यांनी नेम मोडला.

चुकलो असं म्हणणं त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हतं. एकदा नकाशात डाकबंगला दिसला म्हणून नागझिऱ्याच्या बाजूला तीन तास रानातून पायपीट करवली. बंगला नाही, जोतं नाही, वीट नाही. मला काट्यांनी ओरबाडलेलं, स्कूटी दोन कोसांवर. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, काकाजी, आपण चुकलो. त्यांनी चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "बंगलाच हालला असल."

घरी आल्यावर काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "घरात मीठ कोठी हाये ते त्यायले मालूम नाही, आन् इंग्रजाच्या विहिरी मालूम हायेत. काहून जातं व तू त्यायच्या मांगं?"

नकाशांवर जागोजाग बारीक भोकं होती, टाचणीच्या टोकाएवढी. मी विचारलं तर "वाळवीनं खाल्लं" म्हणाले. वाळवी असं नेमकं गोल खात नाही हे मलाही कळत होतं. मला वाटे, सापडलेल्या जागेवर ते सुईनं खूण करत असावेत. माणसाला आपल्या पराक्रमाची खूण ठेवावीशी वाटतेच.

"मानूस विसरते, कागद नाही विसरत," हे त्यांचं पालुपद. त्या एका वाक्यापायी मी बुडाले असते.

माझ्याकडे जे गाव होतं तिथे एक बोडी होती. बोडी म्हणजे लहान तलाव. तिची पाळ वीस वर्षांपूर्वी फुटली होती आणि पाणी साठणं बंद झालं होतं. वरच्या अंगाची जमीन सपाट झाली, पोरं तिथे क्रिकेट खेळत. त्या वर्षी पाळ दुरुस्त झाली, आणि त्याच वर्षी गावात सहा घरकुलं मंजूर झाली, ज्यांना स्वतःची जागा नव्हती अशा सहा कुटुंबांची. सोयीची जागा एकच होती, ती सपाट जमीन. प्रश्न इतकाच की पाळ बांधल्यावर पाणी कुठवर येईल. हद्दीचे दगड कधीच नाहीसे झाले होते. कोणी म्हणे इथवर, कोणी म्हणे तिथवर.

मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा आहे. एका संध्याकाळी काकाजींच्या ओसरीवर पट्टी घेऊन बसले. नकाशातली बोडी नखाएवढी निळी. तिच्या कडेपासून गावच्या देवळापर्यंतचं अंतर मोजलं, गुणलं, आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवर चुन्याची फक्की मारून रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, सहा घरं. ओढण्याआधी काकाजींना आकडा दाखवला होता. त्यांनी भिंगातून पाहून "बरोबर" म्हटलं होतं. रेघ बघायला ते स्वतः गावात आले, तिच्यावरून ऐटीत चालले.

सहापैकी एक घर होतं मासे धरणाऱ्या एका म्हातारीच्या सुनेच्या नावावर. मुलगा वारलेला, सून आणि दोन नाती. कुडाच्या झोपडीत चौघी राहत, पावसाळ्यात अंथरूण टेबलावर. म्हातारी रेघेपाशी आली आणि म्हणाली, "हे पान्यात हाये. पानी त्या मोहाच्या झाडापावतर येत होतं." मोहाचं झाड रेघेच्या बरंच अलीकडे, शंभरावर पावलं. म्हणजे सहाही घरं पाण्यात.

मी समजावलं. काकाजींनी तर नकाशाच उलगडला. "आजी, पाहा. कागद सांगून राहिला. मानूस विसरते."

म्हातारीनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी नाही बांधत पान्यात घर," एवढंच बोलून गेली. सून मागे उभी राहून रडत होती, कारण जागा नाकारली तर घरकुल दुसऱ्या कोणाला गेलं असतं. मी तिला म्हटलं, सासूला समजाव. पायाचं खोदकाम मंगळवारी सुरू व्हायचं होतं.

त्याआधीच्या रविवारी घडी मोडायचा दिवस होता. मी खोलीत कपडे धूत होते. दार वाजलं. बाहेर काकाजी, अनवाणी, हातात भिंग.

"बाई, साहेब उन्हाळ्यात आला होता."

मला वाटलं आमचा कोणी साहेब तपासणीला येऊन गेला. त्यांनी मला हाताला धरून ओसरीवर नेलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. बोडीच्या वरून येणारा नाला नकाशात काळ्या रेघेनं काढला होता. वाहतं पाणी निळं, कोरडा नाला काळा, हे मलाही एव्हाना पाठ होतं. पण या नाल्यात डिसेंबरात आमचे पाय भिजले होते. संक्रांतीपर्यंत त्यात पाणी असतं.

"नकाशा काढनारा साहेब. नाला कोरडा पाहूनच त्यानं काढला," काकाजी म्हणाले. "मंग बोडीचं पानी त्यानं कवाचं काढलं? उन्हाळ्याचंच. आटलेलं. नकाशा खरा हाये. मईना आपन पाह्यलाच नाही."

आम्ही तसेच निघालो. ते चपला घालायलाही विसरले. म्हातारी दारात बसून जाळं विणत होती. काकाजी तिच्यासमोर मातीत बसले आणि म्हणाले, "आजी, मोहाचं झाड दाखवता का?" तिनं जाळं बाजूला ठेवलं आणि पुढे चालू लागली. मोहाच्या बुंध्याशी एक जाड मुळी जमिनीवर आली होती. तिला सगळीकडून खाच पडली होती, गुळगुळीत, जात्याच्या खुंट्यासारखी.

"येथी आमचा डोंगा बांधत होतो," हातानं वल्हं मारल्यासारखं करून म्हातारी म्हणाली. "माह्या सासऱ्याचा. दोर घासून घासून झालं हे. आता आले का पाहाले?"

काकाजींनी त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग खिशातून भिंग काढून ती पाहिली, दोराच्या पिळाची खूण दिसते का म्हणून. दिसत होती की नाही कोण जाणे.

परत येताना मी जे बोलले ते मला आजही लाजवतं. माझ्या कंत्राटाचे चार महिने उरले होते, त्यानंतर कायम व्हायचं की घरी जायचं ते ठरणार होतं. जागेच्या प्रस्तावावर सही माझी, रेघ माझी. घरी वडिलांना मी कायम होणार असं सांगून ठेवलेलं. मी म्हटलं, काकाजी, हल्ली पाऊस कुठे तेवढा पडतो. कदाचित पाणी येणारही नाही तिथवर. राहू द्या.

साकोलीच्या वळणावर ते म्हणाले, "घर तुले नाही ना राह्यचं तेथी." उतरल्यावर म्हणाले, "सभा बोलाव. सोमवारीच."

ग्रामसभेला काकाजी धुतलेला सदरा घालून आले. गावाशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण सरपंचांनी बोलू दिलं. ते उभे राहिले. "रेघ मी दाखवली," ते म्हणाले. "बाई परगावची हाय, तिनं माह्यावर भरोसा ठेवला. मी चुकलो. आजी म्हने ते खरं हाय, पानी मोहापावतर येते. घरं शाळेच्या अंगानं वरती घ्या." मग म्हातारीकडे वळून हात जोडले. "आजी, तुमी इसरल्या नाही. मीच पाह्यलं नाही."

कोणीतरी हसलं. शाळेच्या बाजूची उंच जागा थोडी दगडाळ, रस्त्याला दूर, पण सभेनं ती मंजूर केली. सुनेनं सगळ्यांत आधी अंगठा दिला.

आणि मी काय करत होते? इतिवृत्त लिहीत होते. ते ग्रामसेवकाचं कामच. मी माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात लिहिलं की सदर गृहस्थांनी रेघ चुकीची दाखवल्याचे मान्य केले. आत कोणीतरी म्हणत होतं, ऊठ, सांग, पट्टी मी धरली होती. मी उठले नाही. सभा संपल्यावर काकाजींच्या तोंडाकडे बघायचं धाडस होत नव्हतं. ते म्हणाले, "चल, भूक लागली. काकूनं वडा-भात केला हाय." त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही.

चार महिन्यांनी मी कायम झाले. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "कोनत्या मईन्यात आलं पत्र?" हे त्यांचं नवं पालुपद. कागद विसरत नाही हे वाक्य त्यांनी टाकून दिलं होतं. आता कोणी काहीही सांगितलं की विचारत, कोणत्या महिन्यातली गोष्ट. जावयाचा स्वभाव चांगला आहे, कोणत्या महिन्यात पाहिला? डॉक्टर म्हणतो गुडघा ठीक आहे, कोणत्या महिन्यात तपासला? काकूंनी कपाळाला हात लावला होता.

त्याच वर्षी भाद्रपदात बोडी भरली. आम्ही बघायला गेलो. पाणी मोहाच्या मुळीला लागलं होतं, खाच बुडालेली. माझी चुन्याची रेघ जिथे होती तिथे एक पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गळ टाकत होता. वर शाळेपलीकडे सहा घरांच्या भिंती छताला आल्या होत्या. काकाजींनी मोहाखाली चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पाण्यात दोन पावलं जाऊन उभे राहिले. मग काठावर येऊन नकाशा उलगडला, कॉलरमधली सुई काढली आणि बोडीच्या निळ्यावर एक भोक पाडलं. मला वाटलं, सापडली म्हणून.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, आणखी दोन बदल्या झाल्या. फोन होत असे. त्यात पहिला प्रश्न ठरलेला, कोणत्या गावात आहेस, आणि दुसरा, तिथे जुनी विहीर कोणती. गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मी साकोलीला गेले. काकू ओसरीवर बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या आत गेल्या आणि साडीत बांधलेला एक नकाशा आणून माझ्या मांडीवर ठेवला, साकोलीचा.

"घडी मोडत जाजो," त्या म्हणाल्या.

मी तो उलगडून खिडकीशी धरला. ऊन मागून आलं आणि सगळी भोकं एकदम चमकली. शंभर असतील, जास्तच. मी म्हटलं, "काकू, केवढ्या जागा सापडल्या त्यांना."

काकू हसल्या. "सापडल्या नाही व. त्या चुकल्या जागा हायेत. जेथी चुकले तेथी भोक. एकदा सोडून तोंडानं त कधी बोलले नाही, मंग सुईनं बोलत." त्यांनी बोट ठेवलं. नागझिऱ्याच्या कडेला, डाकबंगल्यावर, एक भोक होतं.

मी बोडी शोधली. निळ्या नखाच्या अगदी काठावर ते होतं. मग म्हटलं, "काकू, ही चूक त्यांची नव्हती. पट्टी मी धरली होती. मी तेव्हा बोलले नाही."

"मालूम हाये," काकू म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं त्यायनं. मी भांडले, तुमी काहून घेतलं आंगावर? त मने, तिची नोकरी नवी हाये, माही सुई जुनी हाये."

नकाशा आता माझ्या घरी आहे. दर तीन महिन्यांनी घडी मोडते. आता मी विस्तार अधिकारी आहे, नवे ग्रामसेवक माझ्या हाताखाली येतात. पहिल्या दिवशी त्यांना घरी चहाला बोलावते आणि नकाशा खिडकीशी धरून ती एक जागा दाखवते. सांगते, ही सगळी भोकं एका मोठ्या माणसाची आहेत, हे एवढं एक माझं आहे.